तेराव्याचा फोटो

आमच्या स्टुडिओत एका कामाला ठरलेलं नाव आहे, 'तेराव्याचा फोटो'. घरात कुणी गेलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी थोरला मुलगा नाहीतर पुतण्या जुना ग्रुप फोटो घेऊन येतो. लग्नातला, मुंजीतला, पंढरपूरला गेले तेव्हाचा. गर्दीतल्या एका चेहऱ्यावर बोट ठेवून म्हणतो, "एवढे ठेवा, बाकीचे काढा. बारा बाय पंधरा. तेराव्याच्या आत पाहिजे." माझे वडील, अण्णा, हे काम चाळीस वर्षं करत होते. आजूबाजूची माणसं कापायची, खांद्यावर शेजारच्याचा हात असेल तर तो पुसायचा, सदरा चुरगळलेला असेल तर वर कोट रंगवायचा. शून्य नंबरचा ब्रश, त्याचं टोक ओठांत धरून ओलं करायचं आणि श्वास रोखून कागदाला टेकवायचं. मी सातवी-आठवीत असल्यापासून शेजारी बसून हे बघत आले. त्यामुळे एक गोष्ट अंगात मुरली होती. गेलेल्या जिवाचा फोटो म्हणजे त्याचा एकट्याचा फोटो.

२०१६ च्या श्रावणात एक काका आले. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. दुकानात पासपोर्ट फोटोची दोन गिऱ्हाइकं होती, ती जाईपर्यंत काका बाकावर बसून राहिले. मग रुमालात गुंडाळलेला मोबाइल काढून काउंटरवर ठेवला.

"ताई, एक फोटो मोठा करून पाहिजे होता."

"कुणाचा?"

ते जरा थांबले. "मोत्याचा. सोमवारी गेला. तेरावं वगैरे काही करत नाही आम्ही, लोक काय म्हणतील. पण त्या दिवसापर्यंत झाला तर बरं होईल."

मोत्या म्हणजे पांढरा पॉमेरियन, चौदा वर्षांचा. मोबाइलमध्ये त्याचे साठेक फोटो होते. बरेचसे हललेले, काही ट्यूबलाइटच्या उजेडात हिरवट पडलेले, काहींत फ्लॅशनं डोळे चमकून पांढरे झालेले. कुत्र्याच्या डोळ्यात पडद्यामागं एक चकाकणारा थर असतो, अंधारात त्याला जास्त दिसावं म्हणून. फ्लॅशचा उजेड त्याच्यावर आपटून परत येतो आणि फोटोत डोळ्यांच्या जागी दोन दिवे उरतात. साठांतला एकच फोटो मोत्याचा होता. बाकीचे कुठल्याही पांढऱ्या कुत्र्याचे असू शकले असते. या एकात तो उंबऱ्यावर बसलाय, तोंड किंचित उघडं, उजवा कान पडलेला, नजर वर. शेजारी साडीतले गुडघे, ताटलीत दूध-भाकरी आणि त्याच्या पाठीवर एक हात.

"मिसेसना काढून टाका," काका म्हणाले. "फक्त तो ठेवा."

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला होता, म्हणजे लांब बाजू १६०० पिक्सेलची. नीट छापायचं तर इंचाला ३०० पिक्सेल धरतात. त्या हिशेबानं जेमतेम सव्वापाच इंच. गुडघे आणि हात कापल्यावर चार इंचही उरेनात. बारा बाय पंधरा करायचा तर पंधरा इंचांना ४५०० पिक्सेल लागले असते. ओढून मोठा केला असता तर केस मेणासारखे दिसले असते. म्हणून मी तो लहानच छापला आणि भोवती रुंद पांढरा माउंट घातला. कापता न येणारा हाताचा भाग होता, तिथं शेजारचे केस आणून भरले. काम सफाईदार झालं होतं. अण्णा असते तर त्यांनी मान डोलावली असती.

फ्रेम न्यायला दोघं आले. काकूंनी चष्मा लावला, फ्रेम दाराच्या उजेडाकडं धरली, बराच वेळ बघितलं.

"छान झालाय. पण माझा हात कुठं गेला?"

मी म्हटलं, काकांनीच सांगितलं होतं काढायला.

"असू दे. पण तो असा बसायचा ना, ते माझा हात असायचा म्हणून. हात उचलला की उठायचा."

मी फ्रेम परत हातात घेतली. मी केस भरले होते त्या जागी मोत्याची पाठ किंचित दबलेली दिसत होती. दबलेली पाठ फोटोत होती आणि ती कशानं दबलीय तेच मी पुसून टाकलं होतं. संध्याकाळी हातासकट, गुडघ्यांसकट, ताटलीसकट दुसरी प्रिंट काढून दिली. पहिली माझ्या ड्रॉवरमध्ये अजून आहे.

एवढं होऊनही मला पुरतं कळलं होतं असं नाही. ते कळलं जानेवारी २०१९ मध्ये, आमचा भुंगा गेला तेव्हा.

भुंगा २००५ च्या महापुरात आला. कृष्णेचं पाणी उतरल्यावर आम्ही स्टुडिओ धुवायला गेलो, तर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर चिखलात माखलेलं मूठभर पिल्लू बसलेलं. आईनं त्याला तीन पाण्यांनी धुतलं. चिखल गेला आणि आत लख्ख काळं निघालं, म्हणून नाव भुंगा. आईची पहिली भाकरी त्याची असायची. तव्यावरून उतरवलेली भाकरी ती पातेल्याच्या कडेला उभी करून ठेवायची, आणि ती निवेपर्यंत तो ओट्याखाली बसून भाकरीकडं नव्हे, आईकडं बघायचा. शेवटच्या दोन वर्षांत त्याच्या डोळ्यांत निळसर झाक आली, तोंडाभोवती पांढरं झालं, मग किडन्यांनी साथ सोडली. रोज कातडीखाली सलाइन द्यावं लागायचं. आई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसायची, मी बाटली उंच धरून उभी राहायचे. असे एकेचाळीस दिवस.

तो गेला त्या रात्री मी हार्ड डिस्क उघडली. चार हजारांवर फोटो निघाले. माझा धंदाच हा, त्यामुळे फोटो चांगलेच होते. काळ्या कुत्र्याचा फोटो काढणं अवघड असतं. कॅमेऱ्याचं मीटर समोरच्या प्रत्येक गोष्टीला मधला करडा रंग धरून चालतं. काळं दिसलं की त्याला वाटतं उजेड कमी आहे, मग ते फोटो उजळ करतं. कुत्रा राखाडी होतो आणि मागची भिंत जळते. म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप उतरवायचं आणि कुत्र्याला दाराच्या किंवा खिडकीच्या बाजूनं उजेड येईल असं बसू द्यायचं. मग पाठीच्या केसांवर उजेडाची रेघ पडते आणि त्या रेघेवरून काळ्या अंगाचा आकार कळतो. हे सगळं मी भुंग्यावर शिकले होते. चार हजार फोटोंत त्याच्या अंगावर ती रेघ होती.

आणि चार हजार फोटोंत आई नव्हती. कॅमेरा काढला की ती बाजूला व्हायची. "माझा कशाला काढतेस, त्याचा काढ." कुठं पदराचं टोक होतं, कुठं पीठ लागलेली दोन बोटं, कुठं भिंतीवर तिची सावली. रात्री दोनच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं की बहुतेक फोटोंत भुंग्याची नजर कॅमेऱ्याकडं नाही, जरा डावीकडं आहे. आमच्या स्वयंपाकघराच्या दारातून मी फोटो काढायचे, आणि डावीकडं ओट्यापाशी आई उभी असायची. तेरा वर्षं तो जिच्याकडं बघत होता तीच मी दर वेळी चौकटीबाहेर ठेवली होती.

त्या दिवसांत भेटायला येणारे म्हणायचे, "अगं, कुत्रंच होतं की." वाईट हेतूनं नाही, समजूत काढायला म्हणायचे. आई काही बोलायची नाही. आमच्या देव्हाऱ्यात नृसिंहवाडीहून आणलेली दत्ताची तसबीर आहे. सांगली-मिरजेकडं घरोघरी असते. दत्ताच्या पायाशी चार कुत्री, त्यांना चार वेद म्हणतात. महाभारताच्या शेवटी युधिष्ठिर बरोबर आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गाच्या रथात चढायला नकार देतो, हेही आपण लहानपणापासून ऐकतो. ज्या घरात ही तसबीर रोज पुसून तिला गंध लावतात त्या घरातल्या माणसाला कुत्र्यासाठी रडताना दार लावून घ्यावं लागतं, हे मला तेव्हा फार लागलं आणि अजून लागतं. मोत्याचे काका गिऱ्हाइकं जाण्याची वाट बघत बाकावर का बसून राहिले होते, ते मला तेव्हा समजलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये परत पूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ मध्ये जे बुडलं नव्हतं तेही या वेळी बुडलं. अण्णा २०१४ मध्येच गेले होते. त्यांच्या निगेटिव्हचे खोके खालच्या कपाटात होते, ते सगळे गेले. पुढचा दीड महिना लोक ओले अल्बम घेऊन येत होते. ओल्या फोटोवरचा थर जिलेटिनचा असतो, पाण्यानं तो फुगतो आणि समोरच्या फोटोला चिकटतो. घाईनं ओढला की चेहरा एकाचा दुसऱ्यावर निघून येतो. उन्हात टाकला की पापड होतो. असे फोटो परत स्वच्छ थंड पाण्यात ठेवायचे, थर सैल होईपर्यंत थांबायचं, पाण्यातच एकमेकांपासून सोडवायचे आणि सावलीत, चेहरा वर करून वाळवायचे. मी दिवसभर ट्रेवर वाकून हेच करायचे.

लोकांचे झाले, मग आमचे घेतले. अण्णांच्या प्रिंटांचा एक गठ्ठा विटेसारखा घट्ट झाला होता. तो रात्रभर पाण्यात ठेवला. सकाळी वरच्या चार-पाच प्रिंट सुटल्या, त्यांच्या खाली एक चौकोनी ब्लॅक अँड व्हाइट. नखानं कोपरा उचलला तर नखाखाली थर आला. थांबले. परत पाणी बदललं. तासाभरानं पोस्टकार्डाची कड आत सरकवून, पाण्याच्याच आधारानं ती हळूहळू सुटी केली. डावा खालचा कोपरा गेला. बाकी सगळं होतं. आमचं मागचं अंगण, उलटी घातलेली बादली, बादलीवर आई. हसतेय, दात दिसताहेत, एक हात कपाळावर आडवा. तिच्या पायांच्या मधे भुंगा, मान मागं टाकून तिच्या तोंडाकडं बघणारा.

अण्णांकडं याशिकाचा दोन लेन्सचा जुना कॅमेरा होता. १२० चा रोल, बारा चौकोनी फ्रेम. गिऱ्हाइकाचं काम अकरा फ्रेममध्ये संपलं की बारावी ते घरातल्या कशावर तरी संपवायचे. हा कॅमेरा डोळ्याला लावत नाहीत. पोटाशी धरून वरून आत बघतात, मान खाली असते. समोरच्याला वाटतं माणूस रोल गुंडाळतोय. आईलाही तसंच वाटलं असणार, नाहीतर ती उठून गेली असती. प्रिंटच्या मागं अण्णांची पेन्सिल होती. २००८.

निगेटिव्ह पुरात गेली होती. आई आणि भुंगा एकत्र असलेला जगात हा एकच कागद होता.

त्यानंतर मी म्हाताऱ्या कुत्र्यांच्या घरी जायला लागले. कुणाकडून कुणाला कळत गेलं. मी स्टुडिओत बोलावत नाही. कुत्र्याला स्टुडिओ म्हणजे शंभर अनोळखी वास. घरी गेल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास कॅमेरा पिशवीतून काढत नाही. जमिनीवर बसते, पिशवी त्याला हुंगू देते. घरच्यांना एकच विचारते, "त्याची जागा कुठली?" प्रत्येक घरात ती असते. जिन्याखालची, टीव्हीच्या स्टँडमागची, आजोबांच्या खुर्चीच्या उजव्या हाताला. त्या जागेची फरशी बघितली की कळतं, तिथली झिलई गेलेली असते. मग कॅमेरा जमिनीपासून फूटभरावर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला. लोक उभं राहून वरून फोटो काढतात, त्यात कुत्रा म्हणजे मोठं डोकं आणि चिमुकले पाय होतो. शिट्ट्या वाजवायच्या नाहीत, बिस्किटाची पुडी दाखवायची नाही. घरचं माणूस हळूच उठून बाजूला व्हायला लागलं की मी त्यांना तिथंच बसायला सांगते. केस विंचरायचे असतील तर विंचरा, गाऊन बदलायचा असेल तर बदला, पण बसा. बहुतेक बायका आईचंच वाक्य बोलतात.

हे नीट शब्दांत मला सांगितलं ते जतकडच्या एका धनगरानं. आरेवाडीच्या बिरोबाच्या यात्रेत मी फोटो काढत होते. त्याचा तांबडा, उंच पायांचा कुत्रा म्हातारा झाला होता, मागच्या पायानं लंगडत होता. मी कुत्र्याला एकट्याला मोकळ्या माळावर, मागं आभाळ येईल असा धरला. त्यानं स्क्रीनवर बघितलं आणि मान हलवली.

"ह्यो न्हवं, ताई. मेंढरं कुठायत? मेंढरं न्हाईत तर ह्यो हितं हुबा तरी कशाला ऱ्हाईल?"

मी परत काढला. धुळीत पन्नास-साठ मेंढरांच्या पाठी, त्यांच्या कडेला तो, आणि त्याच्याही पलीकडं मालकाची काठी. कुत्रा फोटोत अंगठ्याएवढा आहे. मालकानं तोच पसंत केला.

कधी कधी फोन उशिरा येतो. मिरजेच्या एका घरून आला तेव्हा डॉक्टर दुपारी चारला यायचे ठरले होते. लॅब्रॅडॉर, बारा वर्षांचा, पोटात गाठ. बाई एकट्याच होत्या, मुलगी बंगळूरला. मी दोनला पोहोचले. अशा वेळी फोटो काढण्याआधी मी दोन गोष्टी सांगते, कारण त्या कुणी सांगत नाही. पहिलं इंजेक्शन गुंगीचं असतं, त्यानं तो झोपतो. दुसऱ्यानं जातो, आणि फार लवकर जातो. आणि त्याचे डोळे उघडेच राहतात. आपोआप मिटत नाहीत. हे माहीत नसलं तर घरच्यांना वाटतं तो अजून आपल्याकडं बघतोय, आणि ते दृश्य वर्षानुवर्षं जात नाही.

त्या दोन तासांत मी अकरा फोटो काढले. बाई त्याचा कान दोन बोटांत धरून, साडीच्या काठासारखा, सारख्या घडी घालत होत्या आणि उलगडत होत्या. लहानपणापासून असंच झोपवायचे, म्हणाल्या. मी फक्त तो कान आणि ती बोटं घेतली. बोटांवर सांध्यांच्या गाठी, कानाच्या आतली गुलाबी शीर, खिडकीतून उजेड येतो तेव्हा दिसणारी. चारला बेल वाजली आणि मी कॅमेरा पिशवीत ठेवून चेन लावली. अण्णांनी मृतांचे फोटो काढले होते, खुर्चीत बसवून, मागं घरची माणसं उभी करून. त्यांच्या काळात पुष्कळ माणसांचा तो आयुष्यातला एकुलता एक फोटो असायचा, म्हणून ते बरोबरच होतं. आता तसं नाही. श्वास थांबल्यावर मी फोटो काढत नाही. कुणी मागितला तरी आधी बाकीचे दाखवते, आणि ते बघितल्यावर परत कुणी मागत नाही.

आई मार्च २०२२ मध्ये गेली. चौथ्या दिवशी मामेभाऊ स्टुडिओत आला, त्या बाकावर बसला. "आत्याचा फोटो करायला पाहिजे ना. तेराव्याच्या आत." माझ्याकडं तिचे दोनच होते. एक आधार कार्डावरचा, त्यात ती घाबरलेली. दुसरा तो चौकोनी. मी तो ड्रॉवरमधून काढून काउंटरवर ठेवला. भावानं वाकून बघितलं, आईच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि आमच्या दुकानात चाळीस वर्षं जे वाक्य सगळे बोलत आले तेच बोलला. "हा मस्त आहे. एवढी ठेव, कुत्रं काढ."

मी प्रिंट स्कॅन केली. गेलेला कोपरा भरला नाही. पुराची एक बारीक रेघ बादलीवरून गेलीय, तीही राहू दिली. कुठूनही काही कापलं नाही. फोटो चौकोनी असल्यामुळे बारा बाय पंधराच्या फ्रेममध्ये खालच्या बाजूला तीन इंच पांढरी जागा उरली. तेराव्याला गुरुजींनी फोटो पाटावर मांडला, एकदा भुंग्याकडं बघितलं आणि काही न बोलता दोघांच्या मधे गंधाचं बोट टेकवलं.

आता तो दत्ताच्या तसबिरीशेजारी आहे. दर अमावास्येला हार बदलते. दोघांना मिळून एकच हार आहे.